बारा फोल्डर, एकच मजकूर

लोणावळ्याच्या पावसावर ज्यांनी लिहिले आहे ते बहुधा दोन-तीन दिवसांसाठी वर आलेले असतात. जे बाराही महिने इथे राहतात त्यांना पाऊस दिसतो तो भिंतींवर, चपलांच्या पट्ट्यांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर. हंगामात सहज चार हजार मिलिमीटर गाठणाऱ्या या पावसात कागद नावाची वस्तू टिकवणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसतो. आमच्या घरात संगणक आला त्याचे एक कारण हा पाऊसही होता. २००६ साली आम्ही दोघे नुकतेच अध्यापनात स्थिरावत होतो, आणि हप्त्यांवर घेतलेले ते यंत्र आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांमधली सर्वांत कोरडी वस्तू होते.

त्यात काय ठेवायचे याविषयी आमच्या मनात संदेह नव्हता. सलग दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळातल्या नऊ बायकांकडून आम्ही जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, सुमारे सहाशे. संख्या म्हणून हे काहीच नव्हे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून ओव्यांच्या संकलनाची परंपरा आपल्याकडे आहेच, आणि हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह केलेल्या कामात तर एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. त्या डोंगराशेजारी आमचे सहाशेंचे वारूळ. पण ते आमचे होते, आणि त्यात पवना धरणाच्या काठच्या एका गावातली एक म्हातारी होती. ती एकटी दीडशे ओव्या सांगून थांबली होती, आणि तीही चहा उकळून उतू गेला म्हणून.

सात वह्या भरल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या पाच वह्यांना बुरशी धरली, पाने एकमेकांना चिकटली, घरभर कुबट वास सुटला. तोवर सगळा मजकूर संगणकावर टंकून झाला होता. दोनदा ताडून पाहिला होता. तेव्हा त्या पाच वह्या एका रविवारी सकाळी बंबात गेल्या. त्या बंबात कोणी घातल्या हे आम्ही या लेखात सांगणार नाही; घरात त्याविषयी एकमत नाही.

व्हायरस आला तो २००८च्या जुलैत, पेन ड्राइव्हमधून. प्रश्नपत्रिका टंकून घेण्याच्या निमित्ताने तो पेन ड्राइव्ह गावभर हिंडला होता, त्यामुळे कुठला दोष कुठल्या यंत्राचा हे शोधणे व्यर्थ. पहिले काही दिवस आम्हांला एवढेच जाणवत होते की यंत्र मंदावले आहे. मग मेन्यूतला ‘फोल्डर ऑप्शन्स’ हा पर्याय नाहीसा झाला. मग एक विलक्षण प्रकार सुरू झाला. आम्ही या दुखण्यावर उपाय वाचायला लागलो की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. इतर काहीही वाचा, ते निमूट चाले. ‘रजिस्ट्री’ हा शब्द शीर्षकात असलेले पान उघडले रे उघडले की पडदा काळा. आमच्या घरात कोणीतरी आमच्या खांद्यावरून वाचत होते, आणि त्याला नको असलेल्या शब्दांची त्याच्याजवळ यादी होती.

तो ब्रोन्टॉक होता, हे महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने आणून दिलेल्या फुकटच्या अँटिव्हायरसने सांगितले. २००५ साली इंडोनेशियात जन्मलेला. चालू खिडकीचे शीर्षक वाचणे आणि धोक्याचा शब्द दिसताच यंत्र पुन्हा सुरू करणे ही त्याची ख्यात खोड. पण आमचे कुतूहल चाळवले ते पुढच्या माहितीने. ब्रोन्टॉक आपल्यासोबत एक जाहीरनामा बाळगतो. देशातला भ्रष्टाचार थांबवा, लाचखोरांना आणि जुगाऱ्यांना तुरुंगात टाका, समाजाचे नैतिक अधःपतन रोखा, असा इंडोनेशियन भाषेतला मजकूर. आणि त्यात एका पक्ष्याचे शास्त्रीय नाव. ब्रोन्टॉक हा तिकडे एका गरुडाला लावला जाणारा शब्द. तो आपल्या सह्याद्रीतही आढळतो, पश्चिमेकडच्या त्याच्या जातभाईंच्या डोक्यावर लांब तुरा असतो. दुसऱ्याच्या घरात घुसून, त्याचे वाचन बंद पाडून, त्याला सदाचाराचे प्रवचन देणारा हा लेखक आम्हांला अगदीच अनोळखी वाटला नाही.

लेखक हा शब्द आम्ही थट्टेने वापरत नाही. विषाणूंचे प्रारंभीचे कर्ते वाचले जावे म्हणून लिहीत होते. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी केलेल्या ‘ब्रेन’ या व्हायरसमध्ये त्यांचे नाव, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकसुद्धा होते. आपल्या जुन्या पोथ्यांत लेखनिक शेवटी आपले नाव, गाव आणि शक घालतो तसे. (पुण्यात क्विक हील हे अँटिव्हायरस उभे केले तेही दोन भावांनीच, रहिमतपूरकडच्या कैलास आणि संजय काटकरांनी, थोरल्याची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून.) आणि १९९० साली भारतात सापडलेल्या एका व्हायरसचे नाव तर चक्क ‘जोशी’. फ्लॉपीतून पसरणारा हा जोशी वर्षभर गप्प बसे. पाच जानेवारी उजाडली की यंत्र अडवून धरी, आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकून शुभेच्छा दिल्याखेरीज पुढे जाऊ देत नसे. जोशी काही केवळ आपल्याकडेच असतात असे नाही, तरीही पानावर बसून मानासाठी अडणाऱ्या व्याह्याची ही तऱ्हा पाहून कर्त्याच्या गावाविषयी आमचे काही तर्क आहेत. ते असोत.

वर्गात आम्ही सांगतो की लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विष, आणि आपला ‘विष’ हा शब्द त्याचाच दूरचा भाऊबंद. म्हणजे ‘विषाणू’ हा शब्द घडवणाऱ्याने, जाणता-अजाणता, भाषांतर न करता नाते जुळवले. हे सांगताना आम्हांला फार बरे वाटते. २००८च्या त्या जुलैत मात्र व्युत्पत्तीचा काडीइतका उपयोग झाला नाही.

अँटिव्हायरस ब्रोन्टॉक पकडी, काढून टाकल्याचे सांगे, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. सुरू होताना एफ-आठची कळ दाबून ‘सेफ मोड’मध्ये जाण्याची विद्या आम्ही शिकलो. तीही दोन दिवस पुरली. शनिवारी भारनियमनामुळे वीज गेली ती अर्धवट साफसफाईच्या मध्यावर. अखेर बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने सगळ्यांना सांगतात तेच सांगितले: “सर, फॉरमॅट मारा.” ‘मारा’ हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने विंडोज असलेला ‘सी’ हा भाग पुसून नव्याने भरून दिला. घरी येऊन आम्ही ओव्यांच्या ‘डी’ भागावर टिचकी मारली आणि व्हायरस परत आला. तो तिथेच बसून होता.

म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही स्वतःच निर्णय घेतला की सगळेच पुसायचे. आधी ओव्या सुरक्षित ठेवायच्या. ‘डी’वर बारा फोल्डर होते: गावांची नावे, काही बायकांची नावे, एक ‘शब्दार्थ’, एक ‘प्रस्तावना’. बाराही निवडले, कोऱ्या सीडीवर उतरवले. काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले, आणि आम्ही यंत्राच्या वेगाचे कौतुक केले. सीडीवर पक्क्या शाईने ‘ओव्या – संपूर्ण’ असे लिहिले. मग दोन्ही भाग फॉरमॅट केले. यंत्र पहिल्या दिवसासारखे चालू लागले. त्यानंतरचे दोन महिने आम्ही समाधानी होतो असे म्हटले पाहिजे.

सप्टेंबरअखेर एका चर्चासत्रासाठी त्या म्हातारीच्या ओव्या हव्या झाल्या. सीडी घातली, तिच्या नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली. काहीच उघडले नाही. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर मारली. थोड्या वेळाने यंत्र मंदावले.

काय घडले होते ते कळायला आम्हांला आठवडा लागला. ते इथे थोडक्यात सांगतो, कारण त्या काळी आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे घडले असेल. ब्रोन्टॉकच्या सोबतीला दुसरा एक व्हायरस होता, निनावी, जाहीरनामा वगैरे नसलेला. त्याची रीत साधी. तो प्रत्येक फोल्डर लपवून ठेवी आणि त्याच्या जागी त्याच नावाची आपली प्रत मांडी. फाइलने कोणते चित्र धारण करावे हे तिच्या कर्त्यानेच ठरवायचे असते. या महाशयांनी पिवळ्या फोल्डरचे चित्र घेतले होते. नावाच्या शेपटीवरची तीन अक्षरे पाहिली असती तर सोंग उघडे पडले असते, पण ती अक्षरे विंडोज आपण होऊनच झाकून ठेवते. आम्ही टिचकी मारली की तो आधी स्वतःचे काम उरकी आणि मग लपवलेला खरा फोल्डर उघडून देई. त्यामुळे आम्हांला कधी संशय आला नाही. आम्ही सीडीवर उतरवले ते बारा मुखवटे. बाराही फाइलींचा आकार अगदी एक होता, शेवटच्या बाइटपर्यंत. नावे बारा आणि मजकूर एकच. आणि मूळ फोल्डर, जे ‘डी’वर अदृश्य पण सुखरूप होते, ते आम्ही आमच्या हातांनी पुसले.

लपवलेले फोल्डर परत दिसते करायला एका ओळीची आज्ञा पुरते. फॉरमॅटने मजकूर लगेच नष्ट होत नाही, केवळ अनुक्रमणिका जाते आणि वरून नवे काही लिहिले जाईपर्यंत खालचे वाचता येते, हेही आम्हांला नंतर कळले. पण त्या दोन महिन्यांत आम्ही त्या जागेवर नवे विंडोज, परीक्षांचे गठ्ठे आणि कुणा भाच्याच्या लग्नाची चित्रफीत लिहून मोकळे झालो होतो. २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधली, पेन ड्राइव्ह लावताच त्यातले काही आपोआप चालू होण्याची सोय बंद केली, आणि या जातीच्या व्हायरसांचे मोठे दार मिटले. ते वाचून आम्हांला आनंद झाला नाही.

त्या दिवसांत आमच्यापैकी एकजण एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवत होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, अपपाठ बाजूला केले, आणि यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असा इशारा शेवटी दिला. ताटातली ती नरोटी आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती का होईना ठाऊक असते. हे शिकवताना त्या सप्टेंबरात आमचा घसा कोरडा पडे. कारण पाठचिकित्सकाचे आणि अँटिव्हायरसचे काम वरवर एकाच जातीचे आहे. दोन प्रतींत एकच विशिष्ट चूक आढळली की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे अनुमान पाठचिकित्सक काढतो. अँटिव्हायरसही व्हायरस ओळखतो तो त्याच्या देहातल्या, इतरत्र न आढळणाऱ्या बाइटांच्या क्रमावरून, ज्याला ‘सिग्नेचर’ म्हणतात. आमच्या बारा मुखवट्यांचे एकच कूळ असल्याचे त्याने निमिषात सांगितले असते. आम्ही सीडी त्याला दाखवलीच नाही.

फरक पुढे सुरू होतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते फेकून दिलेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, खुणा करून, जपून ठेवले आहेत. आपला निर्णय उद्या चुकीचा ठरू शकेल याची ती तरतूद आहे. चांगले अँटिव्हायरसही संशयित फाइल आधी विलग ठेवतात, लगेच मारत नाहीत. आम्ही मात्र फॉरमॅट मारला. एकनाथांना ज्ञानेश्वरी येत होती, म्हणून त्यांना अपपाठ ओळखता आला. आम्हांला आमचा स्वतःचाच संग्रह, फोल्डरच्या चित्राआड काय आहे इतकाही, माहीत नव्हता. आणि त्याहून लाजिरवाणे म्हणजे, ज्यांतून पाहून पुन्हा लिहिता आले असते त्या पाच वह्यांनी आम्ही आंघोळीचे पाणी तापवले होते.

उरले ते इतके: दोन वह्या, आणि एका जुन्या निबंधाची छापील प्रत, जिच्यात त्या म्हातारीच्या अकरा ओव्या होत्या. एका स्नेह्याला इ-मेलने पाठवलेली एक फाइलही सापडली. ती उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल, कारण ती युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये होती आणि तो फॉण्ट फॉरमॅटबरोबर गेला होता. फॉण्ट पुन्हा भरला तेव्हा त्यातून चौतीस ओव्या वर आल्या. तुकोबांच्या वह्या ज्या इंद्रायणीतून तरंगून वर आल्या म्हणतात तिचा उगम आमच्या लोणावळ्याजवळ, कुरवंड्याकडे आहे. हा योगायोग आमच्या अनेक मित्रांनी आम्हांला ऐकवला. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांना पाठ होते, हेही ऐकवले. आमच्या बाबतीत ‘लोक’ म्हणजे नऊ बायका.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पवन मावळात गेलो. म्हातारी आषाढात वारली होती. आम्हांला कोणी कळवले नव्हते, आणि का कळवावे? जाते पडवीत उभे करून ठेवलेले होते. लग्नाच्या हळदीपुरते आडवे होते, एरवी पीठ गिरणीतून येते. सुनेला आम्ही आलो ते आठवत होते. तिने पोरांना दामटले, जाते मांडले, मूठभर गहू घातले. नुसत्या तोंडाने म्हणवत नाही, हात फिरायला लागतो, असे म्हणाली.

ती म्हणू लागली आणि आमच्यातल्या एकाचे बोट छापील कागदावर ओळीखालून सरकू लागले. सुरुवात तीच होती. पुढे म्हातारीच्या ओवीत भाऊ बैलगाडीने घाट चढून येई, त्याच्या बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांचे वर्णन होते. सुनेचा भाऊ तळेगावच्या कंपनीतून पाळी संपवून मोटारसायकलवर आला. म्हातारीने जिथे आपल्या आईचे नाव घेतले होते तिथे सुनेने आपल्या आईचे घेतले. आणि एका ठिकाणी, जिथे कागदावर सासूरवासाची साधी, सर्वत्र आढळणारी ओवी होती, तिथे सुनेने दोन ओव्या अशा घातल्या की त्या याच घराविषयी, याच पडवीविषयी होत्या, हे आम्हांला कळले आणि दारात बसलेल्या तिच्या दिरालाही कळले. तो उठून बाहेर गेला.

कागद धरलेला आमच्यातला जो होता त्याच्या तोंडून त्या क्षणी निघून गेले, “इथे ते असे नव्हते, ताई.” पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हे वाक्य आठवले की आम्हांला मान खाली घालावीशी वाटते. तिने जाते थांबवले नाही, गती मात्र थोडी कमी केली.

“आत्याबाईंचं आत्याबाईंसंगं गेलं, सर. मी आपलं माझं म्हनते. तुमाला त्यांचंच पायजेल व्हतं, तर नीट लिवून ठिवायचं व्हतं.”

आम्ही काय सांगणार होतो? लिहून ठेवले होते, दोनदा ताडून पाहिले होते, सीडीवर ‘संपूर्ण’ असे लिहिले होते? आमच्यापैकी दुसरीने कागदाची घडी घालून तो पिशवीत टाकला आणि वही काढली. त्या दुपारी तिच्या बेचाळीस ओव्या उतरवून झाल्या. त्यांतल्या किती सासूच्या, किती तिच्या, आणि किती दोघींच्याही आधीच्या, हे आम्ही ठरवलेले नाही. पुढे राईरकर-पॉइटवाँ संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर ध्वनिफितींसह प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा मावळ-मुळशीच्या बायकांचे आवाज ऐकता ऐकता आम्ही आमच्या म्हातारीच्या ओळखीच्या वाटणाऱ्या दोन-तीन ओव्या टिपून घेतल्या. दर वेळी एखादा शब्द वेगळा निघाला.

ती नवी वही पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली आहे. बाकी नऊपैकी सहाजणींकडे आम्ही पुन्हा जाऊन आलो. दोघींनी पुन्हा सांगायला नकार दिला. एकदा दिले ते सांभाळले नाहीत, असे त्या म्हणाल्या नाहीत, पण चहाही आला नाही.

२०१९ साली एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ती सीडी घालून पाहण्याची आम्हांला हुक्की आली. आमच्या नव्या यंत्राला सीडीची खाचच नव्हती. त्याच्या अँटिव्हायरसने क्षणात फलक लावला: बारा धोके आढळले. काढून टाकू का, असे विचारले. आम्ही होकार दिला. थोडा वेळ चक्र फिरले आणि दुसरा फलक आला की हे धोके काढता येत नाहीत, कारण सीडीवर एकदा लिहिलेले पुसता येत नाही. विद्यार्थी म्हणाला, मोडून टाका, सर. आम्ही ती घरी आणली.